रेल्वे सिग्नलचे नवे तंत्र आणि ‘मानवी चुकी’चा जुना कावा

रेल्वेचा मोठा अपघात झाला की राज्यकर्त्यांच्या आणि त्यांची तळी उचलणाऱ्या वृत्तपत्रांच्या तोंडून दोन वाक्ये हमखास बाहेर पडतात. पहिले वाक्य असे की, ‘ही मानवी चूक होती.’ दुसरे असे की, ‘नवे तंत्रज्ञान बसविले की अशा चुकांना वावच राहणार नाही.’ दोन्ही वाक्ये जोडून वाचली म्हणजे त्यांचा खरा अर्थ ध्यानात येतो : दोष कामगाराचा आणि उपाय कंपनीचा. या दोहोंच्या मध्ये जो प्रचंड कारभार पसरलेला आहे, म्हणजे अंदाजपत्रक, नोकरभरती, देखभाल, प्रशिक्षण आणि वरिष्ठांचे निर्णय, त्याचा उच्चारही होत नाही.

प्रस्तुत लेखकाला भाषांतराच्या कामानिमित्त मंत्र्यांची निवेदने आणि चौकशी अहवालांचे सारांश वारंवार मराठीत आणावे लागतात. ‘मानवी चूक’ हे दोन शब्द लेखणीतून सहज उतरतात. पण त्यांतला मानव कोण, हे त्या मजकुरात शोधून सापडत नाही. सुरक्षेची रक्कम अन्यत्र वळविणारा अधिकारी मानव असतो. रिकाम्या जागा वर्षानुवर्षे न भरणारे मंडळही मानवांचेच बनलेले असते. परंतु सरकारी निवेदनातला ‘मानव’ हा नेहमी इंजिनाच्या केबिनमध्ये, स्टेशन मास्तरच्या खुर्चीत किंवा रुळाकाठच्या सिग्नल-पेटीपाशीच उभा असतो. हा योगायोग खचित नव्हे. सिग्नलच्या नव्या तंत्राबद्दल चाललेल्या चर्चेत या शब्दाचे वर्गीय स्वरूप उघड करून दाखविणे आज अगत्याचे झाले आहे.

चिकपेटच्या पोटातील गाडी

ही चर्चा किती दूरवर झिरपली आहे, याचे प्रत्यंतर बंगळूरच्या चिकपेटेत येते. कन्नडमध्ये ‘चिक्क’ म्हणजे लहान आणि ‘पेटे’ म्हणजे आपली पेठच. जुन्या बंगळूरच्या पेठांपैकी ही एक. कापडाच्या आणि रेशमाच्या घाऊक व्यापाराचे हे ठाणे. सतराव्या शतकात बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हापासून या शहरात मराठी बोलणारी घराणी नांदत आली आहेत. चिकपेटेच्या अरुंद गल्ल्यांतून हातगाड्या, ओझेवाले हमाल आणि दुचाक्या यांची दिवसभर कोंडी असते. या गल्ल्यांच्या खालून, भुयारातून, ‘नम्म मेट्रो’चा हिरवा मार्ग जातो. चिकपेटचे भूमिगत स्थानक जून २०१७ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

या पेठेसारख्या बाजारांतून एक युक्तिवाद सर्रास कानी पडतो. वर हातगाडी अर्धा तास अडकते आणि खाली गाडी मिनिटांच्या हिशेबाने येते. सिग्नलचा खांब नाही, हिरवा बावटा नाही, शिट्टी नाही. संगणकाने हे साधले. मग रेल्वेला का साधत नाही? उत्तरही तयारच असते : रेल्वेत सरकारी नोकर आहेत, युनियन आहेत, म्हणून साधत नाही. माणूस काढा, यंत्र बसवा, कारभार खाजगी करा!

या युक्तिवादाला घोषणेने उत्तर देऊन भागणार नाही. भुयारात प्रत्यक्ष काय चालते ते पाहिले पाहिजे. तेथे रुळांचे विद्युत्-खंड पाडलेले असतात. कोणता खंड गाडीने व्यापला आहे हे यंत्रणेला कळते. पुढे किती अंतर मोकळे आहे याची माहिती रुळांवाटे गाडीतल्या संगणकाला मिळत राहते. तेवढ्या अंतरात थांबण्यासाठी कोठे किती वेग असावा, याचा हिशेब तो संगणक करीत राहतो आणि चालकाने मर्यादा ओलांडली तर ब्रेक स्वतःच लावतो. सिग्नलचा खांब दिसत नाही, कारण तो चालकासमोरच्या पडद्यावर आलेला आहे. बय्यप्पनहळ्ळीच्या नियंत्रण केंद्रात बसलेले कर्मचारी साऱ्या मार्गावर लक्ष ठेवून असतात.

हे तंत्र उत्तमच आहे. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ते ज्या परिस्थितीत काम करते, ती विसरता येत नाही. मेट्रोचा मार्ग बंदिस्त आहे. त्यावर एकाच जातीच्या, जवळजवळ एकाच वेगाच्या गाड्या धावतात. फाटक नाही, मालगाडी नाही, डबे इकडून तिकडे हलविणे नाही. चिकपेटहून एक स्थानक पुढे गेले की मॅजेस्टिक लागते आणि तेथून रस्ता ओलांडला की क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा हे रेल्वेचे मुख्य स्थानक. तेथून सुटणाऱ्या मेल, पॅसेंजर आणि मालगाड्या एकाच रुळावरून निरनिराळ्या वेगांनी शेकडो मैल जातात. त्यांच्या वाटेत फाटके आहेत, लूप लाइनी आहेत आणि जुन्या-नव्या तंत्रांची सरमिसळ आहे. या दोहोंची तुलना करून कामगाराला नालायक ठरविणे ही निव्वळ मखलाशी होय.

शिवाय मेट्रोतला माणूस अदृश्य झाला, हेही खोटे आहे. पोलिसांशी झालेल्या वादानंतर सहकाऱ्यांना अटक झाली, म्हणून ७ जुलै २०१७ रोजी सकाळी मेट्रोच्या कर्मचाऱ्यांनी काम थांबविले. तेव्हा चिकपेटचे स्थानक उघडून तीन आठवडे झाले होते. त्या सकाळी संगणक शाबूत होते, रुळांतला विद्युत्प्रवाह शाबूत होता. तरी काही तास गाडी आली नाही. सरकारने तातडीने अत्यावश्यक सेवा कायदा पुढे केला. यंत्र माणसावाचून चालते असा ज्यांचा दावा आहे, त्यांना माणसावर हा कायदा उगारण्याची पाळी का आली, याचा त्यांनी खुलासा करावा.

बिघडले तर लाल

सिग्नलशास्त्राचा मूळ नियम अत्यंत साधा आणि अत्यंत शहाणपणाचा आहे : कोणताही बिघाड झाला तरी परिणाम सुरक्षिततेच्या बाजूनेच झाला पाहिजे. रुळांतून मंद विद्युत्प्रवाह सोडलेला असतो आणि त्याच्या जोरावर एक रिले उचललेला राहतो. गाडी आली की तिची चाके दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह रिलेपर्यंत पोचत नाही, रिले स्वतःच्या वजनाने खाली पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. तार तुटली, बॅटरी संपली, रूळ भंगला, तरीही रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. यंत्राला ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणायचे झाले तर ते ‘थांबा’ असे म्हणते.

इंटरलॉकिंगही याच तत्त्वाचे आहे. सांधा ज्या मार्गाकडे वळलेला आणि कुलूपबंद असेल, त्याच मार्गाचा सिग्नल हिरवा होऊ शकतो; दुसऱ्याचा होऊच शकत नाही. पूर्वी हे काम केबिनमधले खटके आणि तारा करीत. पुढे रिले आले. आता इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत एकाहून अधिक संगणक एकच हिशेब स्वतंत्रपणे करतात आणि त्यांचे उत्तर जुळले नाही तर सिग्नल हिरवा होत नाही. मुंबईत व्हीटी ते भायखळा या पट्ट्यात १९२८ साली रंगीत दिव्यांचे स्वयंचलित सिग्नल आले, तेव्हापासून आजच्या संगणकापर्यंत साधने पार बदलली. नियम मात्र तोच राहिला.

रेल्वेचा कारभार मात्र नेमका उलट्या नियमाने चालतो. सिग्नल-पेटी उघडून दुरुस्ती करावयाची असेल, तर देखभाल कर्मचाऱ्याने स्टेशन मास्तरला लेखी ‘डिस्कनेक्शन मेमो’ द्यावयाचा असतो. त्याचा अर्थ असा की, ही यंत्रणा आता विश्वासपात्र नाही, ती बंद आहे असे समजून गाड्या चालवा. काम संपल्यावर संपूर्ण तपासणी करून पुन्हा जोडणीचा मेमो द्यावयाचा. सिग्नलशास्त्राचा मूळ नियमच येथे कागदावर उतरला आहे. परंतु मेमो दिला की गाड्या खोळंबतात. गाड्या खोळंबल्या की वक्तशीरपणाचे आकडे घसरतात आणि वरून फोन येतो. खोळंब्याचा जाब त्याच दिवशी विचारला जातो. मेमो न देता केलेल्या कामाचा जाब अपघात झाल्यावरच विचारला जातो. अशा व्यवस्थेत कामगार कोणत्या बाजूला ढकलला जाईल, हे सांगायला चौकशी आयोग लागत नाही. ज्या कारभाराच्या यंत्रात ताण वाढला की सावधगिरी प्रथम गळून पडते, ते यंत्र बिघडले तर हिरवे होणारे आहे.

होसदुर्ग रोडचा इशारा

याचा पुरावा कर्नाटकातच मिळतो. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूरच्या यशवंतपूरहून दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनकडे निघालेली संपर्क क्रांती एक्सप्रेस म्हैसूर विभागातील होसदुर्ग रोड स्थानकातून पुढे निघाली. सांधा चुकीच्या मार्गाकडे वळलेला होता. चालकाच्या ते वेळीच लक्षात आले, त्याने गाडी थांबविली आणि भीषण टक्कर टळली. दुसऱ्याच दिवशी दक्षिण पश्चिम रेल्वेच्या मुख्य परिचालन व्यवस्थापकांनी वरिष्ठांना पत्र लिहिले. गाडीला परवानगी दिल्यावरही मार्ग बदलू शकतो, हे इंटरलॉकिंगच्या मूळ तत्त्वालाच सोडून आहे, असे त्यांनी बजावले. मेमोशिवाय पेटीत हात घातला गेल्याकडे त्यांनी लक्ष वेधले आणि तातडीने उपाय केले नाहीत तर गंभीर अपघात होतील, असा इशाराही दिला.

त्या पत्रानंतर चार महिनेही उलटले नाहीत. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, परंतु सांधा लूप लाइनकडे वळलेला होता. तेथे उभ्या असलेल्या मालगाडीवर ती आदळली आणि तिचे डबे शेजारच्या मार्गावरून जाणाऱ्या गाडीवर कोसळले. ती शेजारची गाडी बंगळूरहून हावड्याकडे निघालेली होती. २९० हून अधिक माणसे मेली.

अपघाताला दोन दिवस होतात न होतात तोच प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे देण्याची शिफारस झाली. जुलैमध्ये सिग्नल विभागातील तीन कर्मचाऱ्यांना अटक झाली. पुढे त्यांच्यावर सदोष मनुष्यवधाचे आरोपपत्र दाखल झाले. मात्र रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीतून बाहेर आलेली हकीकत अधिक खोल आहे. फाटकाजवळच्या पेटीतील जोडण्यांत पूर्वी केव्हातरी फेरफार झाला होता. तारांवरील खुणा त्यानुसार बदललेल्या नव्हत्या. फाटकाचा अडसर बदलण्याच्या कामात त्याच चुकीच्या खुणांवर विसंबून जोडणी झाली. याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. मे २०२२ मध्ये त्याच खरगपूर विभागात बांकरा नयाबाज येथे चुकीच्या जोडणीमुळे असाच प्रकार घडला होता आणि त्यानंतर योग्य ती पावले उचलली असती तर बहानगाचा अपघात झाला नसता, असे चौकशीत नमूद झाले.

तेव्हा हिशेब असा आहे. २०२२ मध्ये बांकरा नयाबाज, फेब्रुवारी २०२३ मध्ये होसदुर्ग रोड, जूनमध्ये बहानगा. दोन वेळा यंत्रणेने लाल दिवा दाखविला आणि दोन्ही वेळा तो ओलांडण्यात आला. लाल सिग्नल ओलांडणारा इंजिनचालक नोकरी गमावतो. हे दोन लाल दिवे ओलांडणारे कोण, त्यांपैकी कितीजण तुरुंगात गेले? कर्मचाऱ्याने चूक केली असेल तर त्याची चौकशी व्हावीच. कामगाराच्या हलगर्जीपणावर पांघरूण घालणे ही कामगार चळवळीची परंपरा नाही. परंतु साखळीच्या शेवटच्या कडीला बेड्या ठोकून बाकीची साखळी मोकळी सोडणे, याला न्याय म्हणत नाहीत. अपघातानंतर रेल्वे मंडळाने सिग्नलच्या खोल्यांना दुहेरी कुलपे लावण्याची मोहीम काढली. कुलपे दोन झाली. रात्री ती कुलपे उघडणारे हात मात्र वाढले नाहीत.

कवच काय करते, काय करीत नाही

येथे तंत्रज्ञानाचे भाट ‘कवच’चे नाव घेतात. रेल्वेच्याच लखनौ येथील संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली ही देशी यंत्रणा विकसित झाली. इंजिन आणि स्थानक रेडिओने जोडलेले असतात आणि चालकाने लाल सिग्नल ओलांडू पाहिला तर ब्रेक आपोआप लागतात. देशातील तंत्रज्ञांनी आणि कामगारांनी मिळविलेले हे यश अभिमानास्पद आहे.

तथापि, ‘कवच’ला पुढचा मार्ग कसा आहे हे सांगते कोण? इंटरलॉकिंग सांगते. इंटरलॉकिंगला सांध्याची खबर कोण देते? पेटीतल्या तारा देतात. तारांनीच खोटे सांगितले तर ‘कवच’ त्या खोट्यावर विश्वास ठेवते. ‘कवच’ असते तरी बहानगाचा अपघात टळला नसता, असे रेल्वे मंडळाच्या अधिकाऱ्यांनीच अपघातानंतर सांगितले होते. यंत्र जितके हुशार, तितके ते तारेवर खूण करणाऱ्या माणसाच्या हाताशी अधिक बांधलेले असते.

याच्या उलट उदाहरण रांगापानीचे. १७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये मालगाडीने कांचनजंगा एक्सप्रेसला मागून धडक दिली आणि किमान १० जणांचा बळी गेला. पहाटेपासून स्वयंचलित सिग्नल बंद होते आणि लाल सिग्नल ओलांडण्याचे लेखी परवाने चालकांना देण्यात आले होते. अपघातानंतर काही तासांतच रेल्वे मंडळाने मालगाडीच्या चालकाला दोषी ठरवून टाकले. तो चालक त्याच अपघातात मरण पावला होता. त्याला उत्तर देण्याची सोयच नव्हती. पुढे सुरक्षा आयुक्तांच्या प्राथमिक अहवालाने निराळे चित्र मांडले. सिग्नल बंद पडल्यापासून त्या पट्ट्यातून गेलेल्या गाड्यांपैकी कांचनजंगा वगळता कोणीही ताशी १५ किलोमीटरचा वेग आणि प्रत्येक बंद सिग्नलपाशी एक मिनिट थांबणे हा नियम पाळला नव्हता. एका चालकाने नियम मोडला तर ती चूक म्हणता येईल. एकामागून एक सारेच मोडू लागले, तर नियम त्यांना शिकविलाच गेला नव्हता असा त्याचा अर्थ होतो. चालकांना आणि स्टेशन मास्तरांना पुरेसे प्रशिक्षण नव्हते, हा अपघात घडण्याची जणू वाटच पाहत होता, असाच निष्कर्ष त्या अहवालाने काढला आणि ‘कवच’ अग्रक्रमाने बसविण्याची शिफारस केली.

बहानगाला नव्या यंत्राने तारले नसते, कारण तेथे देखभाल ढासळली होती. रांगापानीला नव्या यंत्राने माणसे वाचली असती, पण ते तेथे नव्हते. दोन्ही ठिकाणी अपराध एकाच कारभाराचा आहे. यंत्र हवे आणि माणूसही हवा. एकाच्या नावाने दुसऱ्याचा बळी देणारे दोन्ही गमावतात.

पैसा नव्हता काय?

आता पैशाचा प्रश्न पाहू. १९९९ च्या ऑगस्टमध्ये गैसाल येथे दोन गाड्या समोरासमोर धडकून शेकडो माणसे मेली. त्यानंतर कोकण रेल्वेने बी. राजाराम यांच्या नेतृत्वाखाली टक्करविरोधी यंत्र तयार केले. ते काही काळ वापरात आले, त्याच्या त्रुटींवर वाद झाले आणि अखेर रेल्वे मंडळाने निराळ्या यंत्रणेचा मार्ग धरला. तीच पुढे ‘कवच’ झाली. २०१६ साली प्रवासी गाड्यांवर तिच्या चाचण्या सुरू झाल्या आणि २०२० साली तिला राष्ट्रीय यंत्रणा म्हणून मान्यता मिळाली. सुमारे ६९ हजार किलोमीटरच्या जाळ्यापैकी २०२४ पर्यंत दक्षिण मध्य रेल्वेच्या १,४६५ किलोमीटरवर ती बसली होती. गैसालनंतर पंचवीस वर्षांनी दर शंभर किलोमीटरमागे दोनाच्या आसपास! जुलै २०२४ मध्ये नवी आवृत्ती मंजूर झाली आणि २०२५ मध्ये ती कोटा-मथुरा पट्ट्यात सुरू झाली, हे खरे. परंतु हा वेग आगगाडीचा नव्हे, बैलगाडीचा आहे.

सरकारच्याच आकड्यांनुसार ‘कवच’ला मार्गाच्या दर किलोमीटरमागे सुमारे ५० लाख आणि दर इंजिनामागे सुमारे ८० लाख रुपये लागतात. सारे ६९ हजार किलोमीटर धरले तर ३४,५०० कोटी आणि सुमारे १५ हजार इंजिने धरली तर १२,००० कोटी. एकूण ४६,५०० कोटी. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाजच १,०८,००० कोटींचा होता आणि तो केवळ ५०८ किलोमीटरसाठी! ज्या रकमेच्या निम्म्याहून कमी पैशात साऱ्या देशाच्या गाड्यांना संरक्षण मिळाले असते, ती रक्कम एका चैनीच्या मार्गावर ओतण्यात आली. तेव्हा पैसा नव्हता, हे म्हणणे टिकत नाही. पैसा कोणासाठी होता, एवढाच प्रश्न उरतो.

२०१७ साली मोठा गाजावाजा करून ‘राष्ट्रीय रेल संरक्षा कोष’ स्थापण्यात आला. पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये सुरक्षेवर खर्चावयाचे होते. २०२२ च्या अहवालात महालेखापालांनी त्याचा पंचनामा केला. चार वर्षांत रेल्वेने आपल्या उत्पन्नातून २०,००० कोटी घालावयाचे होते. त्यांपैकी पाऊण हिश्श्याहून अधिक रक्कम घातलीच गेली नाही. आणि जी आली, तिच्यातून पाय चेपण्याची यंत्रे आणि चिनी मातीची भांडी खरेदी झाल्याची नोंद त्या अहवालात आहे! रांगापानीच्या मृत चालकाला काही तासांत दोषी ठरविणाऱ्यांना हा अहवाल वाचायला मात्र सवड झाली नाही. त्याच सुमारास, जून २०२३ मध्ये, माहितीच्या अधिकाराखाली उघड झाले की रेल्वेतील तृतीय श्रेणीच्या २ लाख ७४ हजारांहून अधिक जागा रिकाम्या आहेत आणि त्यांपैकी १ लाख ७० हजारांहून अधिक सुरक्षेशी निगडित आहेत. या रिकाम्या खुर्च्यांवर बसून कोणीही चूक करू शकत नाही. त्यांचे काम ज्यांच्या पाठीवर पडते, तेच दमतात आणि चुकतात.

तंत्र कोणाच्या हाती?

चिकपेटच्या भुयारातील सिग्नल यंत्रणा अल्स्तोम या फ्रेंच मक्तेदार कंपनीची आहे. १० ऑगस्ट २०२५ रोजी उद्‌घाटन झालेल्या बंगळूरच्या पिवळ्या मार्गावर रेडिओवर चालणारी, चालकाविना गाडी नेऊ शकणारी यंत्रणा सीमेन्सची आहे. त्या मार्गाचे रूळ तयार होते, स्थानके तयार होती. गाड्या मात्र वेळेवर आल्या नाहीत, कारण त्या परदेशी कंपनीच्या कंत्राटात अडकल्या होत्या. अखेर अवघ्या तीन गाड्यांवर, पंचवीस मिनिटांच्या अंतराने, सेवा सुरू करावी लागली. परदेशी तंत्र घेऊच नये, असे कोणी म्हणत नाही. परंतु ज्याच्या हाती आज्ञावली, सुटे भाग आणि दुरुस्तीची किल्ली, त्याच्याच हाती उद्याचा दर असतो.

दुसरा मार्ग नव्हता काय? तो याच शहरात होता. १९५४ साली बंगळूरच्या जालहळ्ळीत स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उद्योगाने दिल्ली मेट्रोच्या सहकार्याने गाड्यांवर देखरेख करणारी देशी यंत्रणा विकसित केली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ती दिल्लीच्या लाल मार्गावर कार्यान्वित झाली. सिग्नल यंत्रणेचे ते एक अंग आहे, सर्वस्व नव्हे. पण सार्वजनिक क्षेत्राला हे जमत नाही, या वल्गनेचे उत्तर म्हणून ते पुरेसे आहे.

यंत्र आयात करणारे कामगारही कंत्राटावर घेऊ पाहतात. मार्च २०२५ मध्ये बंगळूर मेट्रोने ५० गाडीचालक कंत्राटी पद्धतीने नेमण्याची जाहिरात काढली. कन्नड न येणाऱ्यांनाही तीत वाव होता. त्यावरून वादळ उठले आणि जाहिरात मागे घ्यावी लागली. स्थानिकांच्या भाषेचा आग्रह न्याय्यच आहे. परंतु शेकडो प्रवाशांचे प्राण ज्याच्या हाती, त्याची नोकरी कंत्राटी का, हा प्रश्न त्या गदारोळात बुडाला. भाषेच्या भांडणात श्रमिकांचा मूळ प्रश्न कसा हरवतो, हे बेळगावच्या सीमेवरील आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

आपल्यातील एक गैरसमज

आपल्या बाजूलाही एक गैरसमज आढळतो आणि त्याचा परामर्श घेतलाच पाहिजे. नवे सिग्नल आले की केबिनमन गेला, संगणक आला की सांधेवाला गेला. म्हणून नव्या तंत्राला विरोध करणे हेच कामगारहिताचे, असे काही साथी मानतात. त्यांची व्यथा खरी आहे. यंत्र आले की माणसे कमी करण्याची संधी साधावयाची, हाच मालकवर्गाचा खाक्या असतो. परंतु रात्रभर जागून गाडी नेणाऱ्या चालकाला, धुक्यात सिग्नल न दिसणाऱ्या चालकाला, ‘कवच’ची गरज सर्वांत अधिक आहे. यंत्र त्याचा शत्रू नाही. ते त्याच्या जिवाचा पहारेकरी आहे. १९७४ च्या मे महिन्यात लाखो रेल्वे कामगार वीस दिवस संपावर होते, तेव्हा आठ तासांच्या कामाची मागणी अग्रभागी होती. थकलेला डोळा सिग्नल वाचू शकत नाही, हे त्या कामगारांना मंत्र्यांच्या आधी उमगले होते. तंत्राने वाचविलेले श्रम विश्रांतीच्या आणि प्रशिक्षणाच्या रूपाने कामगाराला मिळावेत की नोकरकपातीच्या रूपाने मालकाला, हा खरा झगडा आहे. यंत्र नाकारणारा या झगड्यात उतरण्याआधीच हरतो.

आपण काय मागावे

या विवेचनातून काही निश्चित मागण्या निघतात. रेल्वे कामगारांत काम करणाऱ्या आणि रेल्वेने प्रवास करणाऱ्या आपल्या प्रत्येक सभासदाने त्या जनतेपुढे नेल्या पाहिजेत.

पहिली मागणी : सुरक्षा आयुक्तांचे अहवाल संपूर्ण प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि त्यांच्या शिफारशी रेल्वे मंत्रालयावर बंधनकारक असल्या पाहिजेत. आज त्या केवळ सल्ल्याच्या स्वरूपाच्या आहेत. हे अहवाल आणि सिग्नलच्या कामाची नियमपुस्तके कामगारांच्या भाषांत, मराठीत आणि कन्नडमध्येही, मिळाली पाहिजेत. ज्या कागदावर माणसाला तुरुंगात धाडता येते, तो कागद त्याला वाचता आला पाहिजे.

दुसरी मागणी : डिस्कनेक्शन मेमो दिल्याशिवाय पेटी उघडण्यास नकार देण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क मान्य व्हावा. त्या नकाराने गाड्या खोळंबल्या तर त्याला किंवा स्टेशन मास्तरला जाब विचारला जाऊ नये. रिले पडून सिग्नल लाल झाला, म्हणून कोणी रिलेला शिक्षा करीत नाही.

तिसरी मागणी : सुरक्षेशी निगडित सर्व रिकाम्या जागा कायमस्वरूपी भराव्यात. सिग्नल देखभालीत आणि गाडी चालविण्यात कंत्राटी पद्धत असू नये.

चौथी मागणी : ‘कवच’चा कार्यक्रम अंदाजपत्रकातील निश्चित तरतुदीसह, ठरावीक मुदतीत पुरा व्हावा आणि मेट्रोच्या सिग्नल यंत्रणेचा विकास भारत इलेक्ट्रॉनिक्ससारख्या सार्वजनिक उद्योगांकडे सोपवावा.

पाचवी मागणी : प्रत्येक मोठ्या अपघातात, पूर्वी मिळालेल्या इशाऱ्यांचे काय झाले आणि ते कोणाच्या टेबलावर पडून राहिले, याची स्वतंत्र चौकशी व्हावी.

या मागण्यांत अवास्तव असे काहीही नाही. सिग्नलचे शास्त्र शंभर वर्षांहून अधिक काळ जे सांगत आले आहे, तेच त्या कारभाराला सांगतात : शंका आली की थांबा, इशारा मिळाला की थांबा, आणि खात्री झाल्यावरच पुढे चला. चिकपेटच्या भुयारातला संगणक हा नियम दर क्षणी पाळतो. तोच नियम रेल्वे मंत्रालयाला पाळावयास लावणे, हे मात्र कोणत्याही संगणकाचे काम नाही. ते संघटित कामगारांचे आणि जागृत प्रवाशांचे काम आहे.